धडधडीचं मूळ हृदयात कसं सापडतं?

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदारांनी विचारलं आहे: "माझी पत्नी ३७ वर्षांची आहे. गेली सहा वर्षं तिला अचानक धडधड सुरू होते, वीस-पंचवीस मिनिटं राहते आणि बटण बंद करावं तशी थांबते. दवाखान्यात पोचेपर्यंत ईसीजी नॉर्मल. दोन ठिकाणी टेन्शन म्हणून गोळ्या दिल्या. मागच्या महिन्यात मात्र थांबलीच नाही. रात्री नाशिकला नेलं, ठोके १९० होते, इंजेक्शन देऊन थांबवले. आता ईपी स्टडी आणि ॲब्लेशन सांगितलं आहे. चालत्या हृदयात नेमकी खराब जागा शोधतात कशी? सापडलीच नाही तर? आणि जाळल्यामुळे हृदय कमजोर होणार नाही का?"

दादा, ईपी स्टडी म्हणजे हृदयातल्या विजेच्या वाटांची आतून तपासणी, आणि ॲब्लेशन म्हणजे त्यातली त्रास देणारी जागा तापवून किंवा गोठवून निकामी करणं. सगळ्यात आधी त्या रात्रीचा ईसीजीचा कागद शोधा. धडधड चालू असतानाचा आणि इंजेक्शन देताना ठोके तुटले तेव्हाचा, दोन्ही. ते घरात नसतील तर ज्या रुग्णालयात नेलं तिथल्या फाइलमधून मिळवा. जागेचा शोध त्या कागदावरच सुरू होतो आणि माझ्या अनुभवात निम्मा तिथेच संपतो. हा कागद थर्मल असतो: दिवस गेले की अक्षरं उडतात, उष्णता लागली की कागद काळा पडतो. आजच चांगल्या उजेडात, चारही कडा दिसतील असा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. लॅमिनेशन अजिबात करू नका. सिन्नरच्या बाजूने आलेल्या एका मुलाने वडिलांचा असा कागद जपायचा म्हणून झेरॉक्सच्या दुकानात नेऊन लॅमिनेट करून आणला होता. मशीनच्या उष्णतेने अख्खा कागद काळाठिक्कर पडलेला. त्या गृहस्थांची धडधड पुन्हा कागदावर यायला पुढे सात महिने गेले.

त्या कागदावर मी काय बघते ते सांगते. हृदयाचा प्रत्येक ठोका वरच्या कप्प्यात, सायनस नोडमध्ये सुरू होतो. तिथून वीज खाली येताना एव्ही नोड नावाच्या एकाच दारातून येते आणि तिथे क्षणभर, सेकंदाच्या साधारण दहाव्या भागाइतकी, थबकते. वरच्या कप्प्याची खूण ईसीजीवर पी लाट म्हणून उमटते, खालच्या कप्प्याची क्यूआरएस म्हणून. धडधडीत ही पी लाट कुठे गेली, हा पहिला प्रश्न. क्यूआरएसच्या शेपटाला चिकटून व्ही-वन लीडमध्ये (छातीवर लावलेल्या एका तारेच्या नोंदीत) एक बारीक टोक दिसत असेल आणि नॉर्मल ईसीजीत ते टोक नसेल, तर वरचे आणि खालचे कप्पे जवळजवळ एकाच वेळी आकुंचन पावताहेत असा अर्थ. म्हणजे गडबड त्या दारातच, एव्ही नोडपाशी. पी लाट थोडी मागे, सुटी दिसत असेल तर दाराशिवाय आणखी एखादी चोरवाट आहे असा संशय घ्यायचा. नॉर्मल ईसीजीत क्यूआरएसची सुरुवात तिरकी, घसरगुंडीसारखी असेल (तिला डेल्टा लाट म्हणतात) तर ती चोरवाट उघड्यावरच दिसते, आणि बारा लीडमध्ये ती लाट कुठे वर, कुठे खाली आहे त्यावरून वाट डावीकडे की उजवीकडे, पुढे की मागे, याचा बराच अचूक अंदाज टेबलावर जाण्याआधीच बांधता येतो.

इंजेक्शनने थांबली हीसुद्धा मोठी खूण आहे. ते बहुतेक ॲडेनोसिन असणार. दोन-तीन सेकंद छातीवर धोंडा ठेवल्यासारखं, जीव गेल्यासारखं वाटलं असं पत्नी सांगत असतील तर तेच. हे औषध एव्ही नोड काही क्षण बंद पाडतं आणि काही सेकंदांत रक्तातून नाहीसं होतं. तेवढ्याने धडधड तुटली म्हणजे बहुतेक वेळा तो नोड धडधडीच्या फेऱ्यातलाच भाग असतो.

आणखी दोन गोष्टी त्यांना विचारा. धडधडीत गळ्याशी ठोके उडताना जाणवतात का? आणि थांबल्यावर तास-दीड तास लघवीला भरपूर होते का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर माझा कल एव्ही नोडमधल्या धडधडीकडे, एव्हीएनआरटीकडे झुकतो. अचानक सुरू होणाऱ्या या जातीच्या धडधडीत सगळ्यात जास्त आढळणारी तीच, आणि बायकांमध्ये अधिक. वरचे कप्पे झडपा बंद असताना आकुंचन पावतात, रक्त मागे गळ्याच्या शिरांत उसळतं, म्हणून गळ्यात बेडूक उडाल्यासारखं वाटतं. ताणामुळे येणारी धडधड हळूहळू चढते आणि हळूहळू उतरते. बटण दाबल्यासारखी सुरू होणारी आणि बटण दाबल्यासारखी थांबणारी धडधड टेन्शनची नसते. सहा वर्षं तुमच्या पत्नीला 'मनावर घेऊ नका' हे ऐकावं लागलं याचं मला मनापासून वाईट वाटतं. माझ्याकडे येणाऱ्या बायकांपैकी कितीतरी जणी हेच ऐकून आलेल्या असतात, आणि काही घरांत तर त्यांना नाटकं करते असंही म्हटलेलं असतं.

आता 'खराब जागा' या शब्दाबद्दल. काही धडधडी खरोखरच एका ठिपक्यातून निघतात. मूठभर पेशी सायनस नोडला न जुमानता स्वतःच ठोके देऊ लागतात. तिथे 'सुरुवात कुठे' हा प्रश्न बरोबर आहे. पण तुमच्या पत्नीच्या बाबतीत शक्यता आहे ती वीज गोल फिरत राहण्याची. गोलाला सुरुवात नसते. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी चालू असते, तेव्हा डोंगराभोवती माणसांची अखंड रांग असते. त्यातला पहिला माणूस कोण हे विचारून उपयोग नाही. फेरी थांबवायची तर वाट जिथे अरुंद आहे, ज्या खिंडीतून गेल्याशिवाय गत्यंतर नाही, ती जागा धरावी लागते. आम्ही शोधतो ती ही खिंड.

एव्ही नोडच्या तोंडाशी काही लोकांमध्ये दोन वाटा असतात: एक वेगाची, एक संथ. एखादा ठोका अवेळी येतो, वेगाची वाट त्या क्षणी मोकळी नसते, मग तो संथ वाटेने खाली उतरतो आणि तोवर मोकळ्या झालेल्या वेगाच्या वाटेने परत वर चढतो. फेरा सुरू. ही रचना जन्मतः असते. तुमच्या पत्नीने काही चुकीचं खाल्लं, जास्त काम केलं, म्हणून झालेली नाही.

चालत्या हृदयात हे शोधता येतं हे कळायला फार काळ झालेला नाही. १९६७ मध्ये ॲमस्टरडॅम आणि पॅरिसमधल्या डॉक्टरांनी दाखवलं की योग्य वेळी एक जादा ठोका देऊन अशी धडधड मुद्दाम सुरू करता येते आणि थांबवताही येते. १९६८ मध्ये अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात विल सीली या सर्जननी एका मच्छीमाराची छाती उघडून, हृदयाच्या पृष्ठभागावर तारेने जागोजाग वेळ मोजून चोरवाट शोधली आणि कापली. १९६९ मध्ये जांघेतून नेलेल्या कॅथेटरने (बारीक, लवचीक नळीने) हिस बंडलचा, म्हणजे दारातून खाली जाणाऱ्या मुख्य तारेचा, सिग्नल टिपण्याची पद्धत बसली. १९८२ पासून कॅथेटरमधून विजेचा झटका देऊन जागा निकामी करू लागले, आणि १९९० च्या सुमारास त्याची जागा रेडिओफ्रीक्वेन्सीच्या सौम्य, आवरता येणाऱ्या उष्णतेने घेतली. छाती उघडून जे करावं लागायचं, ते आज जांघेत सुई टोचून होतं.

प्रत्यक्ष टेबलावर काय होतं? जांघेत भूल देऊन शिरेतून तीन-चार कॅथेटर वर नेतात. प्रत्येक साधारण दोन मिलिमीटर जाड, टोकाशी धातूची बारीक वळी. एक उजव्या वरच्या कप्प्यात, एक हिस बंडलपाशी, एक खालच्या कप्प्यात आणि एक हृदयाच्या मागच्या अंगाने डावीकडे जाणाऱ्या शिरेत. पडद्यावर या सगळ्यांचे सिग्नल एकाखाली एक सरकत असतात आणि आम्ही मिलिसेकंद मोजत बसतो. कुठली वळी आधी उजळली, कुठली नंतर, यातच सगळी कथा असते. मग वरच्या कप्प्याला ठरावीक वेगाने आठ ठोके देतो आणि नववा थोडा आधी. पुन्हा आठ, आणि नववा आणखी दहा मिलिसेकंद आधी. असं जवळ जवळ आणत गेलं की एका टप्प्यावर नोडमधून खाली यायला लागणारा वेळ एकदम पन्नास किंवा त्याहून जास्त मिलिसेकंदांनी उडी घेतो. वेगाची वाट बंद झाली, वीज संथ वाटेने आली. बऱ्याचदा त्याच ठोक्याला धडधड सुरू होते.

हा क्षण मला आजही तितकाच महत्त्वाचा वाटतो. रुग्ण जागा असतो. मी विचारते, "ताई, हीच का?" एका बाईंनी माझा हात घट्ट धरून "हीच, हीच ती" म्हटलं होतं आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अकरा वर्षं त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नव्हता. आपण जे पकडलं ते रुग्णाच्या त्रासाचंच कारण आहे, याची ही खात्री कुठल्याही यंत्रापेक्षा मोलाची असते.

पण सुरू झाली म्हणजे ओळखली असं नाही. नोडमधला फेरा आणि चोरवाटेचा फेरा वरवर सारखे दिसू शकतात, आणि जाळायची जागा मात्र पूर्ण वेगळी. म्हणून धडधड चालू असतानाच खालच्या कप्प्यातून तिच्यापेक्षा किंचित वेगाने ठोके देतो, मग थांबतो आणि पहिला ठोका परत यायला किती वेळ लागतो ते मोजतो. ब्रह्मगिरीच्याच फेरीचं बघा. तुम्ही फेरीच्या वाटेवर उभे असाल तर तुमच्यापासून निघालेला माणूस बरोबर एका फेरीच्या वेळेत परत तुमच्यापाशी येतो. वाटेपासून लांब एखाद्या वाडीत उभे असाल तर तिथून वाटेपर्यंत जायचा आणि परत यायचा वेळ वाढतो. चोरवाटेच्या फेऱ्यात खालचा कप्पा वाटेवर असतो. नोडमधल्या फेऱ्यात तो वाटेबाहेर असतो, आणि परतीचा वेळ फेऱ्याच्या वेळेपेक्षा साधारण ११५ मिलिसेकंदांहून जास्त निघतो. एवढ्या एका आकड्यावर आम्ही विसंबत नाही, आणखी दोन-तीन परीक्षा करतो. पण एवढ्यावरून लक्षात येईल की 'शोधणं' म्हणजे कॅमेऱ्याने बघणं नसून प्रश्न विचारून उत्तराची वेळ मोजणं आहे.

नोडमधला फेरा नक्की झाला की संथ वाटेकडे वळायचं. ती उजव्या वरच्या कप्प्यात, त्या मागच्या शिरेचं तोंड आणि झडप यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत असते. चार मिलिमीटर टोकाचं कॅथेटर तिथे टेकवून पेशी ५० ते ६० अंशांपर्यंत तापवतो, एका वेळी मिनिटभराच्या आत. जागा बरोबर असेल तर तापवताना नोडमधून संथ, सुटे ठोके पडू लागतात. तीच आमची पावती. तेवढ्या वेळात खोलीत कोणी बोलत नाही, कारण मुख्य दार तिथून काही मिलिमीटरवर असतं. वरून खाली येणारा एकही ठोका चुकला की त्याच क्षणी पाय पेडलवरून उचलायचा. मुख्य दारालाच इजा होऊन कायमचा पेसमेकर लागण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी आहे, पण शून्य नाही, आणि हे तुम्हाला आधी सांगितलं गेलंच पाहिजे. पुन्हा धडधड होऊ नये इतकं यश शंभरात पंचाण्णवहून जास्त जणांना मिळतं. जळालेला भाग काही मिलिमीटरचा. हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद त्याने कमी होत नाही.

सापडली नाही तर, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. कधी टेबलावर धडधड सुरूच होत नाही. मग आयसोप्रिनालिनसारखं औषध ठिबकवून हृदयाला जरा चेव आणतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. म्हणूनच ठोके आवरणाऱ्या गोळ्या चार-पाच दिवस आधी बंद करायला सांगतात; त्या कधी बंद करायच्या ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच, मनाने नाही. दुसरी अडचण म्हणजे जागा सापडते, पण मुख्य दाराला अगदी खेटून असते. तिथे गोठवणारं कॅथेटर उपयोगी पडतं. उणे तीसच्या आसपास पेशी फक्त बधिर होते. काही बिघडतंय असं दिसलं तर थांबवायचं, पेशी पूर्ववत होते. सगळं ठीक असेल तरच पुढे कायमचं गोठवायचं. तरीही धोका वाटला तर न जाळता बाहेर येणं आणि गोळ्यांवर राहणं हा निर्णय मी घेतलेला आहे, आणि त्याबद्दल मला कधी पश्चात्ताप झाला नाही. पत्नीच्या डॉक्टरांना हे आधी विचारून ठेवा: 'अगदी जवळ निघाली तर काय कराल?' ज्यांचं उत्तर तयार असेल त्यांच्याकडे करा.

संगणकावर रंगीत त्रिमितीय नकाशा काढणाऱ्या पद्धतीबद्दल तुम्ही ऐकलं असेल. टेबलाखाली सौम्य चुंबकीय क्षेत्र असतं, कॅथेटरच्या टोकाची जागा त्यावरून कळते आणि प्रत्येक बिंदूवर वीज कधी पोचली ते रंगाने दिसतं. सगळ्यात आधी पोचली तिथे लाल, शेवटी पोचली तिथे जांभळा. तुमच्या पत्नीच्या संभाव्य आजाराला याची गरज असतेच असं नाही, साध्या पद्धतीनेही काम उत्तम होतं. नकाशाने एक्स-रे कमी लागतो, हा फायदा मात्र खरा आहे, विशेषतः तरुण बायकांसाठी.

जिथे एका ठिपक्यातून जादा ठोके येतात तिथे नकाशाचं खरं मोल कळतं. खालच्या कप्प्यातून फुप्फुसाकडे रक्त निघतं त्या तोंडाशी असे ठिपके पुष्कळदा असतात. दिवसाच्या ठोक्यांत असे जादा ठोके दहा टक्क्यांपुढे गेले की हृदय थकू लागण्याची भीती असते. सातपूरच्या एका कारखान्यातले कामगार असे आले होते. होल्टरमध्ये (दिवसभर ठोके नोंदवणाऱ्या यंत्रात) हजारो जादा ठोके, आणि टेबलावर झोपवलं तर एकही नाही. पाऊण तास आम्ही थांबलो, गुंगीचं औषध दिलं नाही, आयसोप्रिनालिन दिलं आणि बंद केलं; वेग उतरताना ठोके येऊ लागले. उजव्या बाजूला नकाशा काढला, लाल ठिपका छान दिसला, तापवलं, काही झालं नाही. इथे नव्या डॉक्टरांना मी नेहमी सांगते की लाल रंग प्रत्येक नकाशात असतोच. तुम्ही फिरलात त्या कप्प्यातली सगळ्यात आधीची जागा तो दाखवतो. मूळ भिंतीच्या पलीकडे असेल तर ते त्याला ठाऊक नसतं. आकडा बघायचा. ईसीजीवरच्या ठोक्याच्या वीस-तीस मिलिसेकंद आधी सिग्नल नसेल तर तुम्ही शेजारच्या घरात आहात. त्यांच्या बाबतीत तो फक्त आठ मिलिसेकंद आधी होता. महाधमनीच्या झडपेच्या खाचेत गेलो, तिथे बत्तीस मिलिसेकंद आधी सापडला, आणि चार सेकंदांत ठोके थांबले.

हार्ट ॲटॅकनंतरच्या व्रणातून येणारी धडधड हा वेगळाच, जास्त गंभीर विषय आहे. तिथे बहुधा धडधड चालू ठेवून शोधणं रुग्णाला झेपत नाही. मग शांत लयीतच विजेची ताकद मोजतात: दीड मिलिव्होल्टच्या वर निरोगी, अर्ध्याच्या खाली दाट व्रण, आणि मधल्या पट्ट्यात तगून राहिलेल्या धाग्यांचा शोध. आपल्याकडे अशा रुग्णाला आधी ॲटॅक आलेला नसेल तर क्षय किंवा सारकॉइड (शरीरात गाठी करणारा आजार) याची गाठ हृदयात नाही ना, हे एमआरआय आणि पेट स्कॅनने बघितल्याशिवाय जाळायला जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

आणि एएफ, म्हणजे वरच्या कप्प्यांची अनियमित फडफड. १९९८ मध्ये बोर्दोच्या डॉक्टरांनी दाखवलं की तिची ठिणगी बहुतेक वेळा फुप्फुसातून येणाऱ्या शिरांमध्ये पडते. तेव्हापासून एकेक ठिणगी न शोधता त्या शिरांच्या तोंडाभोवती बांध घालतात. आपल्या ग्रामीण भागात संधिवाताच्या तापाने झडप आखडलेल्या तरुण बायकांमध्ये अजूनही एएफ दिसतो. त्यांच्यात आधी झडपेचे उपचार आणि रक्त पातळ करणाऱ्या, आयएनआर (रक्त किती वेळात गोठतं त्याची तपासणी) बघून घ्यायच्या गोळ्या. ॲब्लेशनचा विचार फार पुढचा.

आता तुमच्या घरचं. तारीख मिळेपर्यंत पुन्हा धडधड झाली तर पत्नींना अर्धवट बसवून दहा मिलिलिटरच्या रिकाम्या सिरिंजमध्ये, दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने, पंधरा सेकंद फुंकायला सांगा. फुंकणं संपताच त्यांना सपाट झोपवून पाय पंधरा सेकंद ४५ अंशांत उचलून धरा. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत या पद्धतीने १०० पैकी ४३ जणांची धडधड थांबली. पाय न उचलता नुसतं फुंकल्यावर १७ जणांची. गळ्याची शीर चोळण्याचे प्रयोग घरी करू नका. चक्कर, छातीत दुखणं, शुद्ध हरपणं यातलं काहीही झालं तर वाट न बघता १०८ ला फोन. आणि जवळच्या दवाखान्यात पोचलात, धडधड चालू असेल, तर विनंती करा: आधी बारा लीडचा ईसीजी, आणि इंजेक्शन देताना ईसीजीची पट्टी चालू ठेवा.

ॲब्लेशन नाशकात करायचं की मुंबईत, यापेक्षा करणारा डॉक्टर मुख्यत्वे हेच काम करतो का, हे विचारा. महात्मा जोतिराव फुले योजनेत बसतं का ते त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांकडून तारीख घेण्याआधीच समजून घ्या. पाळी चुकली असेल तर आधी सांगा, कारण यात एक्स-रे लागतो.

नंतर काही तास पाय सरळ ठेवून झोपावं लागतं, बहुतेक जण दुसऱ्या दिवशी घरी जातात. आठवडाभर द्राक्षांचे क्रेट, पाण्याची कळशी काहीही उचलायचं नाही. जांघेतली शीर भरायला तेवढा वेळ लागतो. पहिले काही आठवडे अधूनमधून एखादा ठोका चुकल्यासारखा वाटेल, धडधड आता सुरू होणार असं वाटेल आणि होणार नाही. त्यांना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे बागेत एकटीने विरळणी करताना त्या घाबरणार नाहीत.